साळ्याच्या हातचा दोर

१

कॉटेजसाठी फोन लावला तेव्हा उमेंद्रनं स्पीकर चालू ठेवला होता, म्हणून तो प्रश्न घरातल्या सगळ्यांनीच ऐकला. तोवर सगळं रीतसर चाललं होतं. किती जण येणार, किती दिवस राहणार, जेवण साधं की कोंबडीचं, गाडी कोणती आणणार, कारण शेवटचे दोन किलोमीटर रस्ता म्हणजे नुसते दगड. पलीकडून बोलणाऱ्याचं नाव चैतराम. देवरी सोडून छत्तीसगडच्या हद्दीकडं निघालं की डोंगरात भेलवाटोला नावाचं वीस-पंचवीस घरांचं गाव लागतं. त्याच्याही वर, कड्याला लागून, त्याचं हे कॉटेज होतं.

"आन साळा आहे का संगं?" चैतरामनं शेवटी विचारलं.

"क्या बोला?" उमेंद्र भडकला. त्याला वाटलं, शिवीच हासडली.

"रागावू नोका जी. तुमी कड्यावरून दोरानं उतरनार म्हनता ना? मंग वरून दोर धराले साळा पाह्यजे. बायकोचा भाऊ. आमच्या इथं दुसऱ्या कोनाच्या हातात दोर देत नाई."

उमेंद्र पोट धरून हसला. हसता हसता त्यानं समोर बसलेल्या योगराजकडं बोट केलं. "है ना! सालेसाहब एकदम तय्यार बैठे हैं."

योगराजला हसू आलं नाही. आमगावच्या बाजारात त्याचं वडिलांच्या वेळचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, पत्रे, कुलपं आणि दोर. वीस वर्षं तो हातानं मापून दोर विकत आला होता, पण दोराला लटकून मजा करणाऱ्या माणसांचं त्याला कधी कौतुक वाटलं नव्हतं. आणि या माणसाचं तर नाहीच नाही. उमेंद्र म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, प्रेरणाचा नवरा. गोंदियाला शाळेत खेळाचा मास्तर, सुट्टी लागली की डोंगर. दिसायला देखणा, बोलायला तिखट, आणि त्यातलंही जास्तीचं तिखट बायकोसाठी राखून ठेवलेलं. चारचौघांत तिला अडाणी म्हणायचं, आठ-आठ दिवस अबोला धरायचा. गेल्या भाऊबीजेला प्रेरणा आली तेव्हा तिचं मनगट सुजलेलं होतं. "बाथरूममध्ये घसरले," म्हणाली. योगराजनं ओवाळून घेतलं आणि गप्प बसला. त्या गप्प बसण्याची त्याला अजून लाज वाटत होती.

"चल ना भाऊ," प्रेरणा म्हणाली. "तू असला की मला बरं वाटते."

म्हणून तो गेला. नाहीतर धान विकून लोक पत्रे न्यायला येतात त्या ऐन डिसेंबरात दुकान बंद ठेवून डोंगर पाहायला जायला त्याला काय वेड लागलं होतं!

२

कॉटेज बाकी झकास होतं. छुईच्या पांढऱ्या मातीनं सारवलेल्या शुभ्र भिंती, वर कौलं, आत मात्र टाइल्स, गीझर, पलंगाशी मोबाइल लावायची सोय. पुढं अंगण, मागं पडवी. पडवीच्या पुढं पंधरा पावलं वाळलेलं गवत, आणि मग जमीनच संपलेली. खाली शंभर फुटांवर जंगलाचे शेंडे. उमेंद्र म्हणाला, व्ह्यू पाहा. योगराजनं व्ह्यू पाहिला नाही, खांब पाहिला.

पडवीचा मधला खांब सागाचा होता, कवेत मावेल न मावेल एवढा, आणि त्याला कमरेच्या उंचीवर खाचा पडल्या होत्या. एक नाही, एकाखाली एक अशा सात-आठ. योगराजनं एकीत बोट घातलं तर अर्धं बोट आत गेलं. दोराचा धंदा करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं वजनाचा दोर घासल्याशिवाय सागाला अशी खाच पडत नाही.

"घर नवं बांधलं, खांब तेवढा जुना ठेवला," चैतराम मागून म्हणाला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. "कड्याच्या पोटात आग्या मोहोळ आहे. आमचे बापजादे मध काढाले इथूनच उतरत. खांबाले एक वेढा, आन दोर साळ्याच्या हातात. बाप सोडन, भाऊ सोडन, पन बायकोचा भाऊ नाई सोडनार. आपल्याच बहिनीचं कुंकू आपल्या हातानं कोन पुसते जी?"

"वा रे वा," उमेंद्र म्हणाला. "सुना, सालेसाहब? ड्यूटी लग गयी."

प्रेरणा उघड्या दारातून पुढच्या अंगणाकडं पाहत होती. तिथं बाजूच्या खोलीपुढं चैतरामचे आईवडील होते. म्हातारा ग्यानीराम खाटेवर उन्हात बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि धनवंताबाई मागं उभी राहून त्याच्या डोक्याला तेल चोळत होती. म्हातारा मंद हसत होता. तेल कपाळावरून डोळ्यांत उतरलं तरी त्यानं डोळे मिटले नाहीत. योगराजला ते जरा कसंसंच वाटलं. मग म्हणाला स्वतःशी, म्हातारपण आहे, दिसत नसेल धड.

३

दुपारी दोनला उमेंद्र उतरायला निघाला. डोक्यावर हेल्मेट, हातात नारंगी मोजे, कमरेला पट्टे आणि कड्या. उतरायचा दोर त्यानं कड्याजवळच्या मोहाच्या झाडाला बांधला. दुसरा दोर जिवाचा. तो त्याच्या कमरेला, तिथून खांबाला एक वेढा, आणि तिथून योगराजच्या मुठीत.

"आता ऐका. ओरडायचं नाही, माशा उठल्या तर मी तिथंच संपलो. हिसक्यानं बोलायचं. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली पोचलो, दोर सोडला. तीन म्हणजे वर घ्या. समजलं का? का लिहून देऊ?"

"समजलं, जवाईबापू."

"तुझ्या भावाला तीनपर्यंत मोजता येते ना गं?" त्यानं प्रेरणाला विचारलं. ती चहाचे कप घेऊन आत गेली. तो हसला, पाठमोरा झाला आणि कड्याच्या ओठावरून खाली गेला.

योगराज दोर सोडत राहिला. हात हात, हात हात. दुकानात सोडतो तसाच, मनात मापत. साठ फूट गेला असेल नसेल, तेव्हा दोर थांबला. वजन तसंच, थोडं डुलणारं. योगराजनं वाट पाहिली. मध पाहत असेल, फोटो काढत असेल. पाच मिनिटं गेली. दहा गेली. खालून मोहोळाचा गुंजारव येत होता, एकसुरी, कानात भरणारा. त्याच्या मनात तेव्हा एक वाईट विचार येऊन गेला. कुणाच्या येणार नाही? हे सगळं तिखट बोलणं आत्ता या दोराच्या टोकाला आहे आणि दोर माझ्या मुठीत आहे. विचार आला तशी त्यानं मूठ आणखी आवळली.

"कोणासाठी बसलात एवढं आवळून?"

आवाज मागून आला. उमेंद्र पडवीच्या पायरीवर उभा होता.

४

योगराजनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग दोराकडं. दोर ताठ होता. वजन होतं तेवढंच होतं.

"तुम्ही... कधी आले?"

"आत्ताच. पायवाटेनं."

"दोन हिसके दिले नाहीत तुम्ही."

"दिले. तुम्हाला कळले नसतील, भाऊ."

भाऊ! सहा वर्षांत या माणसानं योगराजला सालेसाहबशिवाय हाक मारली नव्हती. पण त्या क्षणी योगराजचं तिकडं लक्षच नव्हतं. त्याच्या हातात माणसाएवढं वजन होतं आणि ज्याचं असायला हवं तो माणूस समोर उभा होता.

"मग हे काय आहे?" त्यानं दोर पुढं केला.

"फांदी असेल. अडकला कुठं तरी. सोडून द्या."

आता यात काय चूक होतं? दोर अडकतो. फांदीत अडकला की फांदीचं ओझं लागतं, वाऱ्यानं फांदी हलली की हिसकेही बसतात. योगराजनं स्वतःला हे सगळं नीट समजावलं. पण वीस वर्षांची सवय अशी की चांगला दोर तो कड्यात फेकून देऊ शकत नव्हता. जीव गेला तरी नाही. त्यानं खांबाला आणखी दोन वेढे दिले, पक्की गाठ मारली. "उद्या उन्हात काढू," म्हणाला.

उमेंद्र त्याच्याकडं बघत राहिला. रागावला नाही. "तुमची मर्जी," म्हणाला, आणि आत गेला.

योगराज गाठीवर हात ठेवून उभा होता. गवतातून नुसती पंधरा पावलं चालला तर त्याच्या पँटीला घोट्यापर्यंत कुसळं चिकटली होती. चैतराम म्हणाला होता, खालून वर यायला पायवाटेनं पाऊण तास लागतो आणि पुरुषभर गवत आहे. उमेंद्र आत जाताना त्याच्या पायांकडं योगराजचं लक्ष गेलं. एक कुसळ नव्हतं. बुटांना माती नव्हती. हातात मोजेही नव्हते.

तेवढ्यात हाताखालचा दोर हलला. एक, दोन, तीन.

वारा, योगराज म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

५

संध्याकाळी घरात शिरलं तर एक आवाज सगळीकडं होता. दोर कड्याच्या दगडावर घासायचा, ते घासणं खांबात यायचं, खांबातून आढ्यात, आणि आढं सगळ्या खोल्यांवरून गेलेलं. कर्र, कर्र, कर्र. थोडं थांबून पुन्हा तीनदा. स्वयंपाकघरात ऐकू यायचं, न्हाणीत ऐकू यायचं. योगराज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला तर आवाजही त्याच्यासोबत आला.

"घर वाजून राहिलं," तो प्रेरणाला म्हणाला.

"नवं लाकूड असन."

"लाकूड जुनं आहे."

ती उत्तर देणार तेवढ्यात उमेंद्र स्वयंपाकघरात आला. त्यानं तिच्या हातातून परात घेतली आणि कणीक मळायला बसला. योगराज पाहतच राहिला. या माणसानं स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं. वांगी त्याला चालायची नाहीत, वांग्याची भाजी केली म्हणून याच माणसानं एकदा पाहुण्यांसमोर ताट सरकवलं होतं. चैतरामच्या बायकोनं आज वांग्याचीच भाजी पाठवली होती. त्यानं दोनदा घेतली. जेवताना प्रेरणानं काहीतरी सांगितलं, शाळेतल्या मैत्रिणीची गोष्ट, लांबलेली, तिची तिलाच विसरायला होणारी. त्यानं ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "मग पुढं काय झालं?"

प्रेरणा हसली. डोक्यावरून पदर पडेपर्यंत हसली. लग्नाआधी आमगावच्या घरात हसायची तशी. किती वर्षं हे हसू ऐकलं नव्हतं! वर आढ्यात कर्र, कर्र, कर्र झालं. तिघांपैकी कोणी वर पाहिलं नाही.

जेवण झाल्यावर उमेंद्र अंगणात गेला आणि ग्यानीरामच्या खाटेवर बसला. योगराजनं खिडकीतून पाहिलं. दोघं शेजारी शेजारी, हात मांडीवर ठेवून, काही न बोलता बसले होते. दोघांची मान एकाच बाजूला किंचित कललेली होती. माणूस दमला की बसतो असा, योगराजनं स्वतःला सांगितलं. भर दुपारी कडा उतरलाय, दमणारच. आणि चांगलं वागतोय तर तुझ्या पोटात का दुखतं रे? तुझ्या बहिणीचा संसार सुधारला तर तुला चालत नाही का?

त्यानं खिडकी लावून घेतली.

६

सकाळी धुकं होतं. योगराज कुणाला न सांगता मागच्या दारानं निघाला आणि कड्याच्या टोकाशी पोटावर पालथा पडला. ओठाखाली दगड आत वळलेला, त्यामुळं हातभर दोर दिसायचा आणि पुढं काही नाही. मोहाला बांधलेला दोर सैल लोंबत होता, जिवाचा मात्र हातभर दिसत होता तेवढा ताठ होता. दंवानं ओला झाला होता, पण जिथं माणूस चढताना धरेल तिथं दोन जागी कोरडा होता.

"जवाईबापू?" तो अगदी हळू म्हणाला. म्हणताना त्याची त्यालाच लाज वाटली. जवाईबापू घरात पलंगावर झोपले होते, त्यानंच तर येताना पाहिलं होतं.

दोर तीनदा हलला.

योगराज उठला आणि पळाला. बेचाळीस वर्षांचा, दुकानदार माणूस, चप्पल तिथंच टाकून पळाला. अंगणात धनवंताबाई सडा टाकत होती. तिच्यापाशी येऊन थांबला तेव्हा त्याला श्वास पुरत नव्हता.

"का झालं जी?"

"आजी, बाबा कधी उतरले होते का या कड्यात?"

"एक डाव." ती हसली. "मी नवीनच नांदाले आल्ती तवा."

"दोर कोणी धरला होता?"

"कोन धरन? माया भावानं, दुधरामनं."

"कुठं राहतात ते?"

"सडक अर्जुनीले. पन येत नाई तो. पन्नासच्या वर साल झाले. मालकायच्या तोंडाकडं पाहवत नाई म्हनते." तिनं खाटेकडं मान वळवली. इतक्या थंडीत म्हातारा उघड्या अंगानं बसला होता आणि त्याच्या तोंडातून वाफ निघत नव्हती. "वेडा आहे माया भाऊ. मालक लय भले आहेत. त्या दिसापासून एक शब्द वाकडा नाई बोलले."

"आणि त्याच्या आधी?"

धनवंताबाईनं बादलीतलं पाणी ओंजळीनं घेतलं, योगराजच्या पायापुढं शिंपडलं. "आधीचं कायले पुसता?" ती म्हणाली आणि पुढं सरकली.

७

अकरा वाजता ऊन कडक पडलं. सामान गाडीत गेलं होतं. उमेंद्रला आज कडा नको होता, डोंगर नको होता, तो पडवीत खुर्चीवर चहा घेत बसला होता आणि प्रेरणा शेजारी. योगराजला दोर तेवढा सोडायचा होता. नुसता दोर. सोडला की निघायचं आणि पुन्हा या वाटेला यायचं नाही, असं त्यानं सकाळपासून दहा वेळा ठरवलं होतं.

त्यानं गाठ सोडली. वेढे उलगडले. शेवटचा वेढा राहिला तेव्हा वजन सरळ त्याच्या हातात आलं, आणि त्याला कालचं ते डुलणं ओळखू आलं. फांदी अशी डुलत नाही.

तीन हिसके.

त्याचे हात आपोआप चालले. खालचा चढतो, वरच्यानं सैल झालेला दोर घ्यायचा असतो, बस. हात हात, हात हात. तो घेत गेला. दहा फूट, वीस फूट, पन्नास. कड्याच्या ओठावर खडे निसटले. मग नारंगी मोजा घातलेला हात वर आला आणि गवत चाचपू लागला. मोज्याची बोटं फाटली होती. पाठोपाठ हेल्मेटचा माथा दिसला.

"खींच ना बे सालेसाहब," आवाज आला. फाटलेला, कोरडा, पण तोच. "सो गया था क्या? कल से लटका हूँ. तेरी बहन को भी अकल नहीं, कोई देखने नहीं आया. ऊपर आने दे, बताता हूँ उसको."

यात शंकेला जागा नव्हती. जगात एकच माणूस असं बोलतो. काल दुपारपासून हा माणूस दोरावर होता, शहाण्यासारखे तीन तीन हिसके देत होता, आणि तो घरात बसून वारा वारा म्हणत होता. अरे देवा, काय केलं मी! त्यानं पाय खांबाला रोवले.

मागं खुर्ची सरकली. तो दुसरा आला आणि त्याच्या बाजूला उभा राहिला. त्यानं दोराला हात लावला नाही. त्याच्या अंगातून ना घामाचा वास येत होता, ना साबणाचा.

"घ्या वर," तो मऊपणे म्हणाला. "नाहीतर नका घेऊ. मला चालतं. मी फक्त वर आलो, भाऊ, बाकी सगळं तुमच्या हातात आहे."

"तू कोण आहेस?"

तो हसला. ग्यानीराम हसतो तसं.

योगराजनं मान वळवली. पडवीत प्रेरणा बसली होती. तिनं दोन्ही हातांनी कप धरला होता, बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या आणि तिच्या मनगटावर ऊन पडलं होतं. तिथून तिला कड्याचा ओठ दिसत नसणार, असं त्याला वाटलं. साळा का सोडत नाही, तर बहिणीचं कुंकू पुसलं जाईल म्हणून. आणि आज दोर सोडला तर? कोणाचं कुंकू पुसलं जाणार होतं? तिचा नवरा इथं उभा होता, उन्हात, कणीक मळणारा, गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारा. हा विचार त्याच्या मनात आला आणि गेला नाही. त्याला वाटलं, आपणच कोणीतरी दुसरे झालो.

नारंगी हात गवताला धरून वर सरकला. हेल्मेट थोडं वर आलं. आत डोळे असतील, क्षणभरात दिसतील. दोराला काहीतरी कळलं असावं, कारण तो आवाज एकदम बदलला.

"योगराजभाऊ," तो म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदा. "भाऊ, धरा ना."

दोर सुटला.

सुटला, असंच योगराज आजवर म्हणतो. तळहातातून सळसळत गेला, कातडं घेऊन गेला, खांबाचा वेढा फिरला, टोक हवेत उडालं आणि ओठावरून खाली गेलं. आपटल्याचा आवाज येईल म्हणून तो डोळे मिटून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. आवाज आला नाही. फक्त मोहोळ थोडा वेळ जोरात घोंगावलं आणि मग नेहमीसारखं झालं.

८

योगराज गवतातच बसला आणि रडू लागला. लहानपणी रडायचा तसं, आवाज काढून. प्रेरणा पडवी उतरून आली. त्याच्यापुढं उकिडवी बसली आणि त्याचे तळहात आपल्या हातांत घेऊन उलटसुलट करून पाहिले. रक्त आलं होतं. तिनं पदरानं ते हलक्या हातानं टिपलं.

"माझ्या हातून सुटला गं," तो म्हणाला. "प्रेरणा, तुला माहीत नाही, मी आत्ता..."

"मला माहीत आहे."

ती शांत होती. तिचे डोळे कोरडे होते, आणि तिच्या आवाजात किंचित राग होता, भावानं काम करायला उशीर लावला की बहिणीला येतो तेवढाच.

"मी काल संध्याकाळीच ओळखलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "रात्रभर तो आवाज ऐकत पडली होती. तुला इतका वेळ काऊन लागला?"

मग तिनं मान वर केली आणि मागं उभ्या असलेल्या नवऱ्याला सांगितलं, "अहो, गाडीतून मलम आणा ना जरा." तो लगेच आणायला गेला.